दात अडलेत? हिरड्यांबरोबर घराणंही तपासा

मूल पहिली-दुसरीत जातं, वर्गातल्या पोरांचे पुढचे दात पडून नवे यायला लागतात, आणि आपल्या मुलाचे मात्र दुधाचे दातसुद्धा अजून धड दिसत नाहीत. हिरडी जाड, घट्ट, दातांवर चढलेली. जे दात डोकावतात ते आखूड आणि पिवळट. आजी म्हणते, "याच्या बापाचंही असंच होतं, येतील सावकाश." शेजारीण म्हणते, कॅल्शियमचं औषध सुरू करा. शेजारणीचा सल्ला बाजूला ठेवा, पण आजीचं वाक्य तारखेसह वहीत लिहून ठेवा. दवाखान्यात पहिल्या दहा मिनिटांत डॉक्टरांना जी माहिती हवी असते, ती बहुतेक वेळा अशाच एखाद्या वाक्यात असते, आणि आपण ती सांगायची विसरतो.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. मुलांच्या सुजलेल्या हिरड्यांमागे बहुतेक वेळा जनुकं नसतात. दातांवर साचलेला मळ, नीट न होणारं ब्रशिंग, ॲडिनॉइड वाढल्यामुळे तोंडाने श्वास घेण्याची सवय, ही नेहमीची कारणं. दुसरं कारण म्हणजे औषधं. फिट्ससाठी दिलं जाणारं फेनिटॉइन, मूत्रपिंड बदलल्यावर किंवा मूत्रपिंडाच्या काही आजारांत दिलं जाणारं सायक्लोस्पोरिन, रक्तदाबाच्या निफेडिपिन किंवा ॲम्लोडिपिनच्या गोळ्या, यांनी हिरड्या वाढतात. मूल यांपैकी काही घेत असेल तर ते दंतवैद्यांना सांगा. पण गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. फिटची गोळी अचानक थांबवली तर हिरड्यांपेक्षा कितीतरी मोठं संकट ओढवतं. पर्यायी औषध असतं, ते मेंदूविकारतज्ज्ञ ठरवतील.

आणि एक कारण असं आहे की त्यात एक आठवडाही वाया घालवायचा नाही. हिरड्या काही आठवड्यांतच भराभर फुगल्या, लालनिळसर आणि मऊ झाल्या, हात लागताच रक्त येतं, शिवाय मूल फिकट पडलंय, ताप येतोय, अंगावर विनाकारण काळेनिळे डाग दिसताहेत, असं असेल तर दंतवैद्याची वेळ मिळण्याची वाट पाहू नका. त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना दाखवून सीबीसी करून घ्या. रक्ताचा कर्करोग कधीकधी हिरडीतून पहिल्यांदा दिसतो. नवी मुंबईकरांच्या जवळ खारघरला टाटा स्मारक केंद्राचं ॲक्ट्रेक आहे. पण तिथवर जायची गरज आहे का, हे आधी साध्या रक्ततपासणीवरून ठरतं.

ही सगळी कारणं बाजूला सारली की उरतात ती जनुकांशी जोडलेली मुलं. संख्येने ती थोडी, पण निदानापर्यंत पोचायला त्यांची अनेक वर्षं जातात, कारण प्रत्येक जण फक्त तोंडात पाहतो.

तोंडात पाहायचं कसं, ते आधी सांगतो. सकाळी खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात बसा. मोबाइलच्या टॉर्चमध्ये रंग फसवा दिसतो. मुलाचं डोकं मांडीवर घ्या, दोन्ही अंगठ्यांनी वरचा ओठ उचला आणि स्वच्छ बोटाने हिरडी हलकेच दाबा. मळामुळे सुजलेली हिरडी लालसर, मऊ असते आणि ब्रशला रक्त लागतं. आनुवंशिक वाढीची हिरडी बहुधा फिकट गुलाबी, दाबली तर कडक, वरून संत्र्याच्या सालीसारखी बारीक खळग्यांची, आणि तिच्यातून सहसा रक्त येत नाही. दुखतही नाही, म्हणूनच घरात कोणी घाई करत नाही. आता दातांकडे या. दुधाचे दात आणि नवे पक्के दात, दोन्हींत तोच दोष आहे का? मग मुलाचे तळहात, तळपाय, नखं, केस पाहा. उन्हात त्याला घाम येतो का, हे आठवून बघा. उत्तरं लिहा आणि दोन-तीन फोटो काढून ठेवा. सहा महिन्यांनी तुलना करायला ते उपयोगी पडतात.

केव्हा दाखवायचं याचे ठोकताळे असे. मूल वर्षाचं झालं आणि एकही दात नाही, तर दाखवून घ्या. दीड वर्षापर्यंतही नाही, तर तपासणी टाळू नका. अडीच ते तीन वर्षांत दुधाचे २० दात पूर्ण व्हायला हवेत. पुढे एका बाजूचा पक्का दात आला आणि सहा महिने उलटूनही दुसऱ्या बाजूचा जोडीदार आला नाही, तर एक्स-रे हवा. त्याला ओपीजी म्हणतात; यंत्र डोक्याभोवती फिरतं आणि दोन्ही जबडे एका चित्रात येतात. दात हिरडीखाली अडकलाय की मुळात तयारच झाला नाही, हा फरक बाहेरून कुणालाच सांगता येत नाही. या चित्रात तो लगेच कळतो.

फाइलवर 'हेरेडिटरी जिंजायव्हल फायब्रोमॅटोसिस' असं लिहिलेलं दिसलं तर घाबरू नका. साडेसात लाखांत एक असं याचं प्रमाण सांगितलं जातं. बहुतेकदा पक्के दात यायला लागतात तेव्हा हिरडी वाढायला लागते. कर्करोगाशी तिचा संबंध नाही. अनेक घराण्यांत हा दोष आई किंवा वडील, एकाकडूनच येतो, आणि मग प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता ५० टक्के असते. २००२ साली ब्राझीलमधल्या एका मोठ्या कुटुंबात एसओएस१ या जनुकातला बदल सापडला, नंतर आरईएसटीसारखी आणखी जनुकं पुढे आली. तरीही काही मुलांत घराण्यात कुणालाच काही नसतं. बदल त्या मुलातच पहिल्यांदा घडलेला असतो. हिरडीबरोबर नखं खुरटलेली किंवा नसलेली, अंगावर दाट लव, शिकण्यात मागे, असं असेल तर डॉक्टर झिमरमन-लाबांड सिंड्रोमचा विचार करतात. म्हणून नखं बघा असं वर म्हटलं.

आता ज्याच्यासाठी मुख्यतः हा लेख लिहितोय तो आजार. हिरड्या वाढलेल्या आणि त्याच मुलाच्या दातांवर इनॅमल फारच पातळ किंवा नाहीच, दात पिवळे, लहान, एकमेकांपासून सुटे, पक्के दात वेळेवर न येणारे. अशी जोडी दिसली की एक प्रश्न विचारलाच पाहिजे: मूत्रपिंडांची सोनोग्राफी झाली का? एफएएम२०ए नावाच्या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडल्या की हे चित्र दिसतं. २०११ साली दात आणि हिरड्यांशी या जनुकाचं नातं कळलं, आणि पुढच्या एक-दोन वर्षांत लक्षात आलं की याच रुग्णांच्या मूत्रपिंडांत कॅल्शियम साचतं. आता या आजाराला इनॅमल रीनल सिंड्रोम म्हणतात. इनॅमल घडवणाऱ्या प्रथिनांवर फॉस्फेट चढवण्याचं काम एफएएम२०सी हे दुसरं प्रथिन करतं, आणि त्याला चालना देतं ते एफएएम२०ए. ही चालना गेली की दाताला कवच मिळत नाही आणि जिथे खनिज साचू नये तिथे ते साचतं: दाताच्या गरात, हिरडीत, मूत्रपिंडात.

यात धोका असा की मूत्रपिंडातला हा साठा दुखत नाही. मूल खेळतं, जेवतं, लघवीची तक्रार नसते. रक्तातलं कॅल्शियमही बहुधा ठीक येतं. म्हणून केवळ रक्ताच्या रिपोर्टवर समाधान मानू नका. सोनोग्राफी, क्रिएटिनिन आणि लघवीची तपासणी, तिन्ही हवीत, आणि पहिली सोनोग्राफी स्वच्छ आली तरी डॉक्टर सांगतील त्या अंतराने पुन्हा. काहीजणांची मूत्रपिंडं पुढे वयात आल्यावर कमजोर होतात. सोनोग्राफी साधी तपासणी आहे, तिच्यात किरणोत्सर्ग नाही, नेरूळ-वाशीत कुठल्याही केंद्रावर होते. ती न होण्याचं कारण एकच: दाताच्या डॉक्टरांनी मूत्रपिंडाबद्दल विचारावं, असं कुणाच्या डोक्यातच येत नाही. तुम्ही विचारा. दंतवैद्यांना त्याचं वाईट वाटणार नाही.

हिरडी ठीक, पण सगळ्या दातांचं इनॅमल खराब, असंही असतं. त्याला अमेलोजेनेसिस इम्परफेक्टा म्हणतात, आणि त्यामागे ईएनएएम, एएमईएलएक्स, एफएएम८३एच अशी बरीच जनुकं आहेत. आपल्याकडे हा आजार फ्लोरोसिस समजून सोडून दिला जाण्याची भीती असते. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडच्या काही भागांत भूजलात फ्लोराइड जास्त आहे. तिथे लहानपण काढलेल्या मुलांच्या दातांवर पांढरे पट्टे, तपकिरी डाग येतात. नवी मुंबईला मोरबे धरणाचं पाणी मिळतं. मूल जन्मल्यापासून इथेच राहिलं असेल तर 'पाण्याचा दोष' हे उत्तर सहज मान्य करू नका. गावी बोअरचं पाणी पिऊन वाढलं असेल तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगा. फ्लोराइडचे डाग मुख्यतः पक्क्या दातांवर असतात आणि गावातल्या इतर मुलांतही दिसतात. आनुवंशिक दोष सहसा दुधाच्या दातांपासून असतो, आणि शेजारच्या घरात नसून आपल्या घराण्यात असतो.

दात मुळातच कमी असण्याची गोष्ट वेगळी. त्यात एक जुनी नोंद आपल्या जवळची आहे. चार्ल्स डार्विनने आपल्या पाळीव प्राणी-वनस्पतींवरच्या ग्रंथाच्या १८७५ च्या आवृत्तीत सिंधमधल्या एका हिंदू कुटुंबाचं वर्णन केलं आहे. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता. चार पिढ्यांत दहा पुरुष असे, की पुढे चारच लहान, कमजोर दात आणि मागे आठ दाढा. अंगावर केस विरळ, लवकर टक्कल, उन्हाळ्यात त्वचा कोरडी पडून हाल. मुलींना काही नाही, पण त्यांच्या मुलांत मात्र ते उतरायचं. आज याला हायपोहायड्रॉटिक एक्टोडर्मल डिस्प्लेशिया म्हणतात. एक्स गुणसूत्रावरचं त्याचं ईडीए हे जनुक १९९६ मध्ये सापडलं. आई वाहक असेल तर प्रत्येक मुलग्याला ५० टक्के शक्यता.

बाळाचे वरचे दात आधी आले की मामाला जड, ही समजूत अनेक घरांत आहे. ती सोडून द्या, त्यात काही नाही. पण मामाचे दात मात्र खरोखर पाहा. टोकदार सुळ्यांसारखे मोजकेच दात, विरळ केस, घाम न येणं, असं मामाचं, मावसभावाचं किंवा आईच्या मामाचं असेल तर ती माहिती मोलाची. आईचेही एक-दोन दात जन्मतःच कमी असू शकतात. तिने ते कधी कुणाला सांगितलेलं नसतं. अशा मुलांना घाम नसल्यामुळे बाळपणी कारण न सापडणारा ताप येत राहतो. एप्रिल-मेच्या नवी मुंबईत ही बाब जिवावर बेतू शकते. ओला पंचा, पाण्याची फवारणीची बाटली, पंख्याखालची जागा, आणि शाळेला डॉक्टरांचं पत्र: दुपारच्या उन्हात या मुलाला मैदानावर उभं करू नये. दातांसाठी तीन-चार वर्षांच्या वयातही छोटी कवळी बसवता येते. मूल वाढेल तशी ती बदलावी लागते. इम्प्लांटचा विचार साधारणपणे जबड्याची वाढ पूर्ण झाल्यावर.

उलटही घडतं. दात वेळेवर येतात, पण हिरड्या सुजून चार-पाच वर्षांतच दुधाचे दात हलून पडतात, आणि तळहात-तळपायांची कातडी जाड, भेगाळ असते. त्वचेच्या डॉक्टरांनी मलम दिलेलं असतं, दाताच्या डॉक्टरांनी दात काढलेला असतो, आणि दोन्ही कागद एकत्र कुणी पाहिलेले नसतात. हा पापिलों-लेफेव्हर सिंड्रोम. १९२४ मध्ये दोन फ्रेंच डॉक्टरांनी तो भाऊ-बहिणीत नोंदवला, आणि त्यामागे सीटीएससी हे जनुक आहे. पाच वर्षांच्या आत दुधाचा दात अख्ख्या मुळासकट पडला, तर टाकून न देता डबीत घालून डॉक्टरांकडे न्या. हायपोफॉस्फटेशिया नावाचा हाडांचा आजारही असाच प्रकट होतो, आणि तो शोधायला रक्तातल्या अल्कलाइन फॉस्फटेजची साधी तपासणी पुरते. तिथे हा आकडा कमी येतो.

पापिलों-लेफेव्हर आणि इनॅमल रीनल सिंड्रोम, या दोन्हींत मुलाला सदोष प्रत आई आणि वडील दोघांकडूनही मिळावी लागते. आई-वडील स्वतः निरोगी असतात. प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के शक्यता. म्हणून इथे एक प्रश्न येतो, जो विचारताना डॉक्टर अवघडतात आणि ऐकताना घरचे: तुमचं लग्न नात्यात झालंय का? महाराष्ट्रात मामाच्या मुलीशी लग्न अनेक समाजांत रीतीचं आहे, कर्नाटकच्या सीमेकडे काही ठिकाणी मामा-भाचीचंही. गोत्र वेगळं असतं, त्यामुळे घरच्यांच्या मनात शंका राहत नाही. पण गोत्र फक्त बापाच्या बाजूने मोजलं जातं. आतेभाऊ आणि मामेबहीण एकाच आजी-आजोबांचे वारस असतात, आणि सरासरीने आठवा हिस्सा जनुकं त्यांच्यात समान असतात; मामा-भाचीत चौथा हिस्सा. हे लपवलं तर नुकसान मुलाचं. एक सांगतो, आणि ते घरातल्या वडीलधाऱ्यांनीही ऐकावं: आजाराचा दोष सुनेच्या माथी मारू नका. डोहाळ्यांत काय खाल्लं, ग्रहणात काय चिरलं, याच्याशी याचा काडीचाही संबंध नाही. दोन सदोष प्रतींपैकी एक वडिलांकडूनच आलेली असते.

नवी मुंबई १९७० नंतर सिडकोने उभारली. इथली बहुसंख्य घरं सातारा, सांगली, कोकण, खानदेश, मराठवाड्यातून आलेली. घराण्याचा इतिहास गावी आहे आणि मूल घणसोलीच्या फ्लॅटमध्ये. गणपतीला गावी जाल तेव्हा लग्नाचे जुने अल्बम काढा आणि हसणाऱ्या चेहऱ्यांचे दात बघा. कोणाला तरुणपणीच कवळी लागली, कोणाची हिरडी 'कापली' होती, कोण तरुणपणी किडनीने गेलं, कोणती बाळं लहानपणी दगावली, हे आजी-आत्यांना विचारा. दिवाळे, सानपाडा, कोपरखैरणे यांसारख्या मूळ गावांतल्या आगरी-कोळी घरांत तर आजोळ हाकेच्या अंतरावर असतं. त्या नातेवाइकांना सोबतच तपासून घेता येईल. कागदावर पुरुषाला चौकोन, बाईला गोल, आजार असेल तर काळा भरायचा, नात्यातल्या लग्नाला दुहेरी रेघ. तीन पिढ्या काढा. जनुकतज्ज्ञ हेच चित्र काढतात, आणि तुम्ही ते तयार नेलंत तर त्यांचा वेळ तुमच्या प्रश्नांना मिळतो.

दाखवायचं कुठे? नवी मुंबई या बाबतीत सुदैवी आहे. नेरूळला डी. वाय. पाटील आणि तेरणा, बेलापूरला भारती विद्यापीठ, खारघरला वाय.एम.टी., कामोठ्याला एमजीएम, इतकी दंत महाविद्यालयं एका पट्ट्यात आहेत. केसपेपर काढताना 'पिडो' म्हणजे मुलांच्या दातांचा, आणि 'पेरिओ' म्हणजे हिरड्यांचा विभाग, असं दोन्ही सांगा. विद्यार्थी तपासतात म्हणून नाराज होऊ नका. वर प्राध्यापक असतात, वेळ भरपूर दिला जातो. सरकारी दंत महाविद्यालय सीएसएमटी स्थानकाजवळ आहे, हार्बरने थेट जाता येतं. जनुकविषयक सल्ल्यासाठी परळ गाठा. केईएम रुग्णालय हे दुर्मीळ आजारांच्या २०२१ च्या राष्ट्रीय धोरणातलं एक उत्कृष्टता केंद्र आहे. मूल सरकारी किंवा पालिकेच्या शाळेत, अंगणवाडीत असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं तेव्हा दातांची तक्रार नोंदवून घ्या. पुढे पाठवण्याचा कागद तिथून मिळतो. खर्चाचं महात्मा फुले योजनेत काही बसतं का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारा, शस्त्रक्रियेच्या सकाळी नको.

वाढलेली हिरडी कापता येते. मोठ्या मुलांत जागा बधिर करून एकेक भाग, लहानांत भूल देऊन. शक्य तर पक्के दात आल्यावर करतात, कारण ती पुन्हा वाढू शकते. पण दात अडून बसले असतील, चावता येत नसेल, ओठ मिटत नसतील, उच्चार बिघडले असतील किंवा शाळेत पोरं चिडवत असतील, तर थांबायचं कारण नाही. मूल फोटोत तोंड मिटून बसायला लागलंय, हेही डॉक्टरांना सांगण्यासारखं कारण आहे. कापलेला तुकडा तपासणीला पाठवलाय ना, तेवढं विचारा. नंतर मऊ ब्रश, दिवसातून दोनदा, फ्लोराइडची पेस्ट तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, वरच्यांना वाटाण्याएवढी. मळ साचला तर हिरडी लवकर परत येते.

इनॅमल कमी असेल तर सहाव्या वर्षीच्या दाढेवर नजर ठेवा. दुधाच्या दाढांच्या मागे ती कोणताही दात न पडता गुपचूप येते, म्हणून पालक तिला दुधाची समजतात आणि झिजू देतात. तिला वेळेत स्टीलची कॅप बसली तर पुढची वर्षं मूल नीट जेवतं. थंड पाणी ठणकतं म्हणून ब्रश टाळणाऱ्या मुलाला कोमट पाणी द्या, ओरडू नका.

जनुकचाचणी प्रत्येकाला लागत नाही. उपचार तिच्याशिवायही सुरू होतात. मूत्रपिंडाची शंका आहे, एकाहून जास्त अवयव गुंतलेत, किंवा दुसऱ्या बाळाचा विचार आहे, तेव्हा ती करून घ्यावी. रक्ताचा नमुना जातो, एक्सोम सिक्वेन्सिंग होतं, अहवालाला काही आठवडे लागतात. आई-वडिलांचे नमुने सोबत दिले तर अर्थ लावणं सोपं जातं. चाचणीआधी जनुकसमुपदेशकाला भेटा आणि अहवालही त्यांच्यासमोरच उघडा. त्यात 'अर्थ अनिश्चित' असा शेरा असेल तर त्यावरून लग्न, गर्भपात असले निर्णय घेऊ नका. पोस्टाने लाळ मागवून भविष्य सांगणारे किट या कामाचे नाहीत.

घरातल्या धाकट्या भावंडाला त्याच दिवशी सोबत न्या. तक्रार नसली तरी तोंड पाहून घ्या, आणि मोठ्याला इनॅमल रीनल सिंड्रोम ठरला असेल तर धाकट्याचीही सोनोग्राफी करा. एक्स-रे, सोनोग्राफी, वंशावळीचा कागद, सगळं एका फाइलमध्ये ठेवा, आणि मूल अठरा वर्षांचं झालं की ती फाइल त्याच्या हाती द्या, समजावून सांगून. मूत्रपिंडांची तपासणी त्यानंतरही चालू राहायची असते, आणि तेव्हा दवाखान्यात त्याला एकट्याने जायचं असतं.